चार वाढवलेल्या आत्याबाई

बाळंतविडा आणि सल्ला एकाच पिशवीतून येतात, आणि ती पिशवी आत्याबाईंची असते. नात्याने त्या मावशी असतील, शेजारच्या काकू असतील, क्वचित निवृत्त काकाही असतील. खूण एकच, बाळ बघायच्या आधी निदान होतं. "वाळलंय गं, दूध पुरत नाही हिचं," हे चप्पल काढता काढताच. बाळ दिवसातून किती वेळा शू करतं, हा प्रश्न त्यांच्या तोंडून कधी यायचा नाही. खरं तर दूध पुरतंय की नाही, याचा सगळ्यात स्वस्त पुरावा तोच. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाकाठी सहा-आठ दुपटी ओली होत असतील आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. सुरुवातीच्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे आत्याबाईंच्या शास्त्रात बसत नाही. तिथे बाळ रडलं की भूक, गप्प राहिलं की अशक्तपणा, आणि दोन्हींवर औषध म्हणजे पावडरचा डबा.

त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे "आमची चार वाढलीच ना?" वाढली, शंकाच नाही. पण १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. जी वाढली नाहीत ती साक्षीला येत नाहीत, आणि त्यांच्या आयांना बारशाला कुणी सल्ला विचारत नाही. म्हणून मधाचं बोट, डोळ्यांत काजळ, नाकात तेलाचे थेंब हे सगळं निर्दोष सुटतं. मधातल्या जंतूंमुळे वर्षाखालच्या बाळाला दुर्मिळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते, काही काजळांत शिसं सापडलं आहे, आणि नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. पण यातलं काही त्या चौघांना झालं नाही, एवढ्यावर खटला निकाली.

यावर कुणी म्हणेल, आत्याबाईंना उगाच झोडपताय. थोडं खरं आहे. बाळाला उबेत ठेवा, हलक्या हाताने तेल लावा, बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्या आणि झोपू द्या, यात त्यांचं काय चुकतं? रात्री तीन वाजता बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला डॉक्टर येत नाहीत, त्याच येतात. दुसरा आक्षेप अधिक धारदार: डॉक्टर तरी कुठे एका मतावर राहतात? पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं बाळाला पालथं झोपवायला सांगत, १९९०च्या दशकात उताणं झोपवा म्हणू लागले. बदललं खरं, पण झोपेत दगावलेल्या बाळांची मोजदाद केली म्हणून बदललं. आत्याबाईंचं मत बदलत नाही, कारण मोजायला काही घेतलेलंच नसतं.

मोजण्याला शिक्षणाचं मोठं भांडवल लागतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घड्याळ लावून श्वास मोजायला, ताप बघायला, वजन करायला शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. आज आशाताई घरी येतात त्या याच वाटेने: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा खेपा. त्या आधी विचारतात, मग मोजतात, आणि दवाखाना केव्हा गाठायचा ते सांगतात: बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा तापलं असेल, छाती आत ओढली जात असेल तर लगेच. आत्याबाईंच्या सल्ल्यात नेमका हा "केव्हा" नसतो.

आशाताई बाळाला झोळीत घालून काटा उचलतात, तेव्हा आत्याबाईही मान लांबवून आकडा बघतात. वजन दोनशे ग्रॅमने वाढलेलं निघतं. "म्हटलं नव्हतं मी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "माझ्या गुटीचा गुण!"