पेटंट कागदावर, धूळ छातीत

मास्क आठवतोय? तोच, जो कपाटाच्या खणात जुन्या चार्जरखाली चेपून पडलाय. आपण त्याला विसरलो. पेटंट कार्यालयं अजून विसरलेली नाहीत.

2020 मध्ये कोविड आला आणि जगभर मास्कच्या पेटंटसाठी अर्जांची रीघ लागली. सगळ्यात लांब रांग चीनची. पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे लोक मास्क उतरवत होते, तेव्हा मास्कचे शोध चव्हाट्यावर येत होते.

शोध कसले? पंख्याचा मास्क. ओठ दिसावेत म्हणून पारदर्शक खिडकीचा मास्क. कान दुखू नयेत असा पट्टा. विषाणू मारणारा लेप. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजने 2021 मध्ये असा लेप दिलेला, थ्रीडी प्रिंटिंगचा मास्क केला, पेटंटला अर्ज केला आणि मास्क नंदुरबार-नाशिकच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत पोचवलेही. असं पोचवणारे किती?

एक जुना मास्क कात्रीने कापून बघा. बाहेरचे दोन थर नुसते पहारेकरी. मधला पांढरा, मऊ, टिपकागदासारखा थर हाच खरा मास्क. त्याला मेल्टब्लोन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन वितळवायचं, गरम हवेच्या झोतात त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू काढायचे आणि त्यांच्यावर विजेचा भार चढवायचा. मग बारीक कण तंतूंकडे ओढला जातो आणि चिकटतो. साबणाने धुतलं की हा भार उतरतो. आणि आपण एन-95 धुऊन दोरीवर वाळत घालत होतो! सांगायला हवं होतं कुणीतरी.

भार चढवण्याच्या एका महत्त्वाच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट 1995 चं. शोध टेनेसी विद्यापीठाच्या पीटर त्साय यांचा. त्याची मुदत केव्हाच संपली. मास्कचा जीव ज्यात आहे ते ज्ञान आज कुणालाही मोकळं आहे.

मग 2020 च्या मार्चमध्ये मास्क का मिळेना?

पेटंटमुळे नव्हे. यंत्रांमुळे. मेल्टब्लोन काढणारी यंत्रं देशात मोजकी होती. केंद्राने 13 मार्चला मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातला. राज्याने ऑक्टोबरात भाव बांधून दिले: तीन पदरी 4 रुपये, एन-95 19 ते 49 रुपये. तोवर राज्यभर बचत गटांच्या बायांनी शिलाई मशीनवर कापडी मास्क शिवून गावं सांभाळली. त्यांच्याकडे ना पेटंट होतं, ना मेल्टब्लोन. कापड होतं आणि पायाखाली पायटा होता.

वाशिम जिल्ह्याला मास्कची किंमत नीट कळली ती 2021 च्या फेब्रुवारीत. 23 तारखेला पोहरादेवीत एका मंत्र्यांच्या दौऱ्याला हजारोंची गर्दी. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं बाधित. हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवणारं पेटंट कोणत्याही देशात नाही.

पण वाशिमची मास्कची गरज कोविडच्या आधीची आहे. तिचं काय?

ऑक्टोबर महिना. सोंगणी झालेली. शेतात सोयाबीनची सुडी, तिच्याशेजारी हडंबा, म्हणजे मळणीयंत्र. पट्टा फिरायला लागला की एका तोंडातून दाणे पडतात, दुसऱ्यातून कुटार उडतं. दोन ढिगांच्या मध्ये माणसं धुळीत बुडून जातात, फक्त हात हलताना दिसतात. तोंडाला दस्ती, नाहीतर शेला. बायांना पदर. दुपारी दस्ती सोडली की नाकाच्या जागी दोन काळे गोल उमटलेले असतात. संध्याकाळी थुंकी काळी, रात्रभर खोकला. घरचे म्हणतात, "कुटार लागलं." गूळ खायचा आणि सकाळी पुन्हा सुडीवर.

ही धूळ अडवायला लागणारा मास्क पन्नास वर्षांपासून जगात आहे. भारतीय मानक आहे त्याला, आयएस 9473. नवा शोध लावायचा नाहीये. फक्त तो घामात टिकला पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि गावातल्या दुकानात पाहिजे.

फवारणीचं दुखणं वेगळं. तिथे एन-95 ही पुरत नाही, कारण तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाची डबी बसवलेला मास्क लागतो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. परवा एका कृषी केंद्रात औषधाच्या चार बाटल्या घेतल्या आणि मास्क मागितला. दुकानदाराने गल्ल्याखालून कागदासारखा पातळ, निळा, तीन पदरी मास्क काढून दिला.

तो मास्क बघून राग आला. अजूनही येतोय.

कारण देशात पेटंटला तोटा नाही. 2023-24 या एका वर्षात भारताने एक लाखाहून जास्त पेटंटं दिली. व्यक्तीला अर्जाची फी अवघी 1600 रुपये. कॉलेजांना मानांकनात पेटंटचा उपयोग होतो, म्हणून प्राध्यापक अर्ज लिहितात. अर्ज प्रसिद्ध झाला की फाटकावर फ्लेक्स लागतो: पेटंट मिळाले! मिळालं कुठे? नुसता प्रसिद्ध झालाय. तपासणी अजून व्हायची आहे, आणि ती वेगळी मागावी लागते.

कायद्यात एक चांगली सोय आहे. फॉर्म 27. पेटंटधारकाने सांगायचं की हा शोध भारतात वापरात आहे की नाही. पूर्वी दरवर्षी भरावा लागे, 2024 पासून तीन वर्षांतून एकदा. मास्कच्या पेटंटांचे हे फॉर्म एकत्र काढा आणि एकच प्रश्न विचारा: किती मास्क बनले, आणि ते कुणाच्या नाकावर गेले?

रिसोडजवळ करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. बचत गटांच्या मशिनी अजून घराघरात आहेत. मुदत संपलेली पेटंटं उघडी पडली आहेत, वाचायला पैसे लागत नाहीत. या तिन्हींची गाठ कुणी घालून देईल का? मेल्टब्लोनचा तागा बाहेरून येऊ द्या. शिवण इथली, माप इथल्या चेहऱ्याचं, आणि चाचणी थेट हडंब्यापाशी.

ऑक्टोबर येईल तेव्हा हडंबा सुरू होईलच. कुटाराच्या अंगाला उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाला काय बांधलंय, तेवढं जाऊन बघा.