गळक्या बादल्या

गिटारचं कोरस पेडल म्हणजे काय? आपलाच आवाज जरा उशिरा आणि जरा बेसूर होऊन आपल्यालाच साथ देतो. बेसूर व्हायला मला आजवर यंत्र लागलं नव्हतं. तरी दुकानात नवं पेडल पायाखाली घेतलं. विक्रेता म्हणाला, "सर, अस्सल १९७६!"

१९७६ साली 'बॉस' कंपनीने सीई-१ हे कोरस पेडल काढलं. चांगलं दणकट धूड, थेट घरच्या विजेवर चालणारं. आत 'बकेट ब्रिगेड' चिप. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे सरकवतात ना, तसा आवाज एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात ओतत न्यायचा, असे ५१२ टप्पे. वाटेत सांडलवंड व्हायचीच. वरची चमक जायची, बारीक खरखर मिसळायची. ती गळती बुजवताना त्या काळचे इंजिनिअर घामाघूम. पुढे डिजिटल आलं, थेंब सांडेना, तर लोक म्हणाले, ह्यात जीव नाही! म्हणून आता तीच गळती संगणकाकडून थेंबाथेंबाने मोजून पुन्हा सांडवून घ्यायची, आणि सांडल्याचे वेगळे पैसे द्यायचे.

ह्या नव्या पेडलचा आवाज मात्र देखणा, पाण्यावर हलणाऱ्या दिव्यासारखा. खोटं कशाला बोलू! मी हुरळून 'एफ' कॉर्ड धरली. नेहमीप्रमाणे दोन तारा मुक्या, एक झणझणली.

"बघा सर," विक्रेता मान डोलावत म्हणाला, "ही झणझणसुद्धा व्हिंटेजच वाटते."