अपूर्णांक शिकवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

प्राथमिक शाळेतील मुलांस अपूर्णांक शिकविण्याचा ज्यांनी संकल्प सोडला आहे, त्यांनी प्रथम हे ध्यानी घ्यावे की, ‘एका पूर्णाचे समान भाग’ या व्याख्येतील ‘समान’ या शब्दाचे मर्म भावंडांत वाढलेल्या बालकास शाळेत येण्यापूर्वीच अवगत असते. वडीच्या दोन तुकड्यांतील गव्हाएवढा फरक त्याच्या दृष्टीस पडतो. ‘मोठा अर्धा तुला घे’ असे निर्लज्जपणे म्हणणारी माणसे असतात ती सगळी प्रौढ. तेव्हा शिकवणीची खरी गरज कोणास, हा प्रश्न तूर्त दप्तरदाखल करून पुढे जाऊ.

साहित्य. भाकरीने आरंभ करू नये. भाकरी आपल्या मर्जीने मोडते आणि चतकोर म्हणून हाती येतो तो कधीच चौथा हिस्सा नसतो. कोरा कागद घ्यावा व दुमडावा. कडेवर कड बसली की तक्रारीस जागा उरत नाही. मग तशाच तीन कागदांपैकी एक उभा, एक आडवा व एक कर्णावर कापून तिन्हींचे एकेक अर्धुक मेजावर मांडावे. त्रिकोण आणि पट्टी सारखी कशी, म्हणून वर्गात कलह माजेल. तो माजू द्यावा. गुरुजींनी निवाडा देण्याची घाई करू नये; कात्री मुलांच्या हाती द्यावी, म्हणजे त्रिकोणाचे तुकडे पट्टीवर बसवून पाहण्याची युक्ती त्यांतलाच कोणी काढतो.

आठ हे चारांहून मोठे, म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशाहून मोठा, असे मुले हमखास म्हणतात. रागावू नये. पंगतीस चार पाने असता पोळी किती येईल व आठ असता किती, एवढेच विचारावे. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक ही निम्म्यानिम्म्याने उतरणारी मापे घरात होती तोवर हा घोटाळा दूध घालणाऱ्या गवळ्याच्या पोरासही होत नसे. पुढे १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आले, आणि सोळा आण्यांचा रुपया व सोळा छटाकांचा शेर दोन्ही इतिहासजमा झाले.

कापणाऱ्याने प्रथम उचलू नये. अपूर्णांकांच्या अध्यापनातील हा सर्वांत महत्त्वाचा नियम असून तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात माझ्या पाहण्यात नाही. एकाने कापावे, दुसऱ्याने निवडावे. मग सुरी कशी काटेकोर चालते ते पाहावे. आमच्या घरी वाटणीपत्राचा मसुदा थोरल्या काकांनी केला आणि पहिली निवडही वडीलकीच्या हक्काने त्यांनीच केली.

काकांचे गणित कच्चे होते असे मात्र कोणी समजू नये. पावकीपासून औटकीपर्यंत सारे त्यांनीच मला ओसरीवर बसवून घोकून घेतले, आणि साडेतीनाच्या पाढ्यात मी अडखळलो असता हात न उगारता खडीसाखरेचा खडा पुढे केला. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांपैकी नाना फडणवीस अर्धे का, असे विचारले तेव्हा ते मनापासून हसले व म्हणाले, ते तलवार धरीत नसत. उरलेले अर्धे शहाणपण कोणी नेले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुरणपोळी वरच्या इयत्तेसाठी राखून ठेवावी. तिचे क्षेत्रफळ बिनचूक दुभागले तरी पुरण एका अंगास सरकलेले असल्यास एकाच्या पानात पुरण पडते व दुसऱ्याच्या पानात कणीक. यासाठीच महसुली भाषेत ‘सरसनिरस मानाने’ वाटणी करावी असे म्हणतात. आम्हांस आठ आणे हिस्सा पूर्ण मिळाला, गुंठाही कमी नाही. फक्त काळे रान बांधाच्या पलीकडे राहिले आणि मुरूम अलीकडे.

राहता राहिली विहीर. तिचे तुकडे होत नाहीत, म्हणून पाळीचे करतात: आठ दिवसांपैकी चार त्यांचे, चार आमचे. भाग समान, छेद निर्दोष. परंतु चैत्रवैशाखात पहिल्या चार दिवसांत विहीर तळाला जाते, झरे पुन्हा पाणी धरू लागेपर्यंत दुसऱ्याची निम्मी पाळी सरते, आणि पहिली पाळी कोणाची हे वर सांगितलेच आहे. हे उदाहरण चौथीच्या आत घेऊ नये.