गोळ्या मोजा

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोन लाखांहून जास्त रुग्ण सापडले, असं केंद्र सरकारने २०२५ साली सांगितलं. तोवर ६ कोटींच्या वर लोकांचं रक्त तपासून झालं होतं. १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट ७ कोटींचं आहे, म्हणजे हे काम थोडं नव्हे. आशाताई आणि लॅबची माणसं टोल्याटोल्यांवर गेली, म्हणून ते झालं.

आता दुसरा आकडा द्या. सापडलेल्यांपैकी किती जण रोज या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतात?

तपासणीचा आकडा बॅनरवर छापतात, भाषणात सांगतात. गोळीचा आकडा तिथे नसतो. माझं भांडण एवढ्यावरच आहे आणि ते नागपुरातून करण्याला कारण आहे. या आजारावरचं मोलाचं संशोधन याच शहरात झालंय.

१९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या दोन डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पण पुढे कितीतरी वर्षं एक समजूत चालत राहिली. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्य असतो, आफ्रिकेसारखा नसतो. काही समाजांत ते खरंही आहे. विदर्भातल्या आयांना मात्र ते कधीच पटलं नसतं. सहा-आठ महिन्यांच्या लेकराचे हातपाय सुजतात, ते हात लावू देत नाही, रात्रभर रडतं, आणि घरच्यांना वाटतं कुठेतरी पडलं असेल. यात सौम्य काय आहे?

हे मोजून दाखवलं ते मेडिकलने. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नागपुरात सगळे मेडिकलच म्हणतात. तिथल्या बालरोग विभागाच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघालेल्या मातांच्या २१३४ नवजात बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं. ११३ बाळांना आजार निघाला, ९७८ वाहक निघाली. पुढे आजारी बाळांवर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यात तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग, दुखण्याचे झटके असं सगळं दिसलं. २०१६ साली हे छापून आलं आणि सौम्यपणाच्या समजुतीला निदान मध्य भारतापुरता तरी आधार उरला नाही.

त्याच्याही आधी, २०१२ साली, याच मेडिकलमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. गंभीर सिकलसेल असलेली ६० मुलं. निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, पालकांनाही नाही. दीड वर्ष. औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोला रोज फक्त १० मिलीग्रॅम, म्हणजे अमेरिकेत देतात त्याहून कमी. औषध घेणाऱ्या मुलांचे दुखण्याचे झटके वर्षाला सरासरी बाराच्या आसपास होते, ते एकाच्याही खाली आले. रक्त चढवायची वेळ क्वचितच आली. भरती होणंही तसंच घटलं.

बारा झटके म्हणजे महिन्याला एक. झटका आला की शाळा बुडते, आईची मजुरी बुडते, कॅज्युअल्टीत नंबर लावावा लागतो. हे सगळं कमी मात्रेच्या, जुन्या, स्वस्त गोळीने थांबतं, हे आपल्याच लेकरांवर, आपल्याच सरकारी दवाखान्यात सिद्ध झालं. मग ती गोळी प्रत्येक एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, मुलाच्या घरी पोचायला काय हवं होतं?

एक साधी गोष्ट हवी होती. मुलांच्या मापाची गोळी.

बाजारात सर्रास मिळते ती ५०० मिलीग्रॅमची कॅप्सूल. मूल १४ किलोचं असेल, तर त्याला लागतात १४० मिलीग्रॅम. मग आई कॅप्सूल उघडते, भुकटी दहा मिलिलिटर पाण्यात ढवळते, सिरिंजने त्यातलं २.८ मिलिलिटर ओढते आणि मुलाच्या तोंडात सोडते. उरलेलं टाकून देते. हे रोज करायचं, चुलीवर भात असताना, कामावर जायच्या घाईत. हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगातही वापरलं जाणारं औषध आहे. गरोदर बाईने त्याच्या भुकटीला हात लावू नये, असं त्याच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. घरात लहान मूल आहे, तिथे आई पुन्हा गरोदर असणं काही नवलाचं नाही.

मुलांना देता येईल असं कमी मात्रेचं हायड्रॉक्सियुरिया तयार करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, ते २०२४ साली. नागपूरची चाचणी २०१२ची. मधल्या बारा वर्षांचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा, कारण २०१२ साली जन्मलेलं एसएस पॅटर्नचं मूल आता हायस्कुलात असायला हवं.

गोळी आली तरी प्रश्न संपत नाही, हेही खरं. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. पण ती साधी रक्तगणना आहे. त्यासाठी गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या माणसाला मेडिकलची ओपीडी कशाला दाखवायची? तालुक्याच्या दवाखान्यात नमुना घ्या, तिथेच बघा, तिथेच पुढच्या महिन्याच्या गोळ्या द्या. मात्रा बदलायची असेल तर मेडिकलच्या किंवा चंद्रपूरच्या आयसीएमआर केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करा. गाडीभाड्यापायी आणि बुडालेल्या मजुरीपायी उपचार सुटतात, आणि मग केसपेपरवर लिहिलं जातं, ‘रुग्ण नियमित नाही.’ अनियमित रुग्ण नाही, पुरवठा आहे. हे वाक्य केसपेपरवरून काढून टाका.

दुसरीकडे लग्नाचा सल्ला जोरात चाललाय. तपासणीनंतर मिळणारं पिवळं कार्ड म्हणजे वाहक, लाल कार्ड म्हणजे रुग्ण; दोन पिवळ्यांनी लग्न करताना विचार करा, कारण प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, तो द्यायलाच हवा. पण पिवळं कार्ड असलेली मुलगी आजारी नसते, हे तिच्या होणाऱ्या सासूला समजावून सांगायला कोण जातं? आणि लाल कार्ड घेऊन जे मूल आधीच जन्मलंय, त्याला लग्नाच्या सल्ल्याचा काय उपयोग? त्याला गोळी हवी, न्यूमोकॉकसची लस हवी, शाळेत पाण्याची बाटली आणि हवं तेव्हा लघवीला जायची परवानगी हवी. नागपूरचे संपत रामटेके सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या वतीने वर्षानुवर्षं रुग्णांच्या अशाच हक्कांसाठी भांडले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला. २०१८ साली रामटेकेंना पद्मश्री मिळाली. रुग्णांना मात्र अजून भांडावंच लागतंय.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. थंडीने सिकलसेलचं दुखणं उठतं, नेमक्या त्याच दिवसांत अख्खं मंत्रिमंडळ या गावात मुक्कामाला असतं. विदर्भातल्या एका तरी आमदाराने तारांकित प्रश्न टाकावा: राज्यात लाल कार्ड दिलेले रुग्ण किती, त्यांतल्या किती जणांना गेल्या बारा महिन्यांत एकही खंड न पडता हायड्रॉक्सियुरिया मिळालं, किती जणांची रक्तगणना त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात झाली, कुठल्या केंद्रावर साठा किती दिवस शून्य होता. उत्तर जिल्हावार द्यावं, महिनावार द्यावं, आणि त्यात तपासण्यांचा आकडा घालू नये.