पट्ट्यांची अश्वशक्ती

१९७८ सालची माझी अमेरिकन स्पोर्टी गाडी अजून न्यू जर्सीतल्या एडिसन गावी गॅरेजात आहे. तिच्या कंपनीचं नाव मी घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव आदरापोटी घेत नसत. मी घेत नाही ते अब्रूपोटी. कोणाच्या, ते ओघात कळेलच.

गाडी घेतली ती पळण्यासाठी नव्हेच, दिसण्यासाठी. अंगावर केशरी पट्टे, मागे पंख आणि बोनेटवर हवा आत घ्यायचं ऐटबाज भोक. त्यातून हवा आत जात नाही, कारण ते आतून बंद आहे. मराठी मंडळाच्या गणपतीला पोचलो की स्टेशन वॅगनवाले वळून बघत. मी बोटावर किल्ली फिरवत उभा राही. तेवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाई घडी उलगडत बाहेर येत आणि सगळा रुबाब ओसरे.

आता थोडं गणित. माझं इंजिन व्ही-८, पाच लिटरचं. अश्वशक्ती १४० च्या आसपास. म्हणजे लिटरमागे अठ्ठावीस घोडे. त्याच काळात दादर स्टेशनबाहेर उभी असलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. इंजिन १०८९ सीसी, अश्वशक्ती ४०. लिटरमागे जवळजवळ सदतीस! मुंबईची टॅक्सी दर लिटरला माझ्यापेक्षा नऊ घोडे पुढे. शिवाय तिचे घोडे कॅरिअरवर होल्डॉल घेऊन घाट चढणार. माझे उभ्या उभ्या पेट्रोल पिणार. घोडे मोजायची रीत १९७२ च्या सुमारास बदलली, हेही खरं. आधी मोकळं इंजिन मोजत, मग सायलेन्सरसकट सगळा संसार लादून मोजू लागले. पण त्यानं टॅक्सीचं काय बिघडतं? हे गणित मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. हल्ली ‘लिटरमागे सदतीस’ हे बायकोच चहा ओतताना माझ्याआधी म्हणून टाकते.

घोडे गेले कुठे? १९७० च्या क्लीन एअर ॲक्टनं धुरावर बंधनं आणली. १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसं त्याला मारक, म्हणून पेट्रोल शिसेविरहित. जुन्या घडणीची इंजिनं कशीबशी या नियमांत बसवली गेली आणि उरलेली उणीव स्टिकरांनी भरून काढली. माझा खरा राग इथे आहे. शक्ती गेली, हरकत नाही; ती गेल्याचं लपवायला पट्टे कशाला? आणि मी ते हौसेनं विकत का घ्यावेत?

पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, तसं १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेतल्या लोकांच्या रक्तातलं शिसंही सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं. माझी मुलगी तेव्हा रूट वन या हमरस्त्यालगतच्या अपार्टमेंटमध्ये रांगत होती. शिशाचा सर्वांत मोठा धोका त्याच वयाला. तिच्या वाटणीच्या हवेपायी माझे काही घोडे गेले असतील, तर ते सत्कारणी लागले.

वेगमर्यादा तेव्हा देशभर ताशी ५५ मैल होती. चढावर ती मोडायची मला फार इच्छा होई. गाडी ऐकत नसे. शेजारून मंडळाचे खजिनदार चार सिलिंडरच्या जपानी गाडीतून हात हलवत पुढे जात.

तरी वाचकांस विनंती. गाडी विकणे आहे. पट्टे अस्सल, भोक बंद, मागची सीट सासूबाईंनी तपासलेली. चढावर राहणाऱ्यांनी कृपया चौकशी करू नये.