लांब धागा

दिग्रसच्या आमच्या घरात एक कापसाची खोली आहे. एरवी ती बैठकीचीच खोली. दिवाळीनंतर वेचणीचा माल घरी येऊ लागला की ती कापसाची होते, आणि कापूस विकला गेला की पुन्हा बैठकीची. सोयऱ्याधायऱ्यांनाही हे वेळापत्रक पाठ असल्यामुळे माघ-फाल्गुनात आलेला पाहुणा न सांगता ओसरीवर बसतो. लहानपणी त्या गंजीत उड्या मारायला सक्त मनाई होती, म्हणून आम्ही त्या न चुकता मारायचो आणि रात्री अंगाला सुटलेली खाज आमच्याविरुद्ध साक्ष द्यायची. गंजीत मानेपर्यंत बुडून आढ्याकडे पाहत पडलं की बाहेरचं जग हळूहळू विझत जाई. आईची हाकसुद्धा धावंडा नदीच्या पलीकडून, कुण्या दुसऱ्याच मुलाला मारल्यासारखी यायची, आणि तिला ओ न देण्याचं पाप लागत नसे.

या खोलीत एका अवाढव्य कंपनीचं कार्यालय आपणच थाटू, हे मात्र तेव्हा स्वप्नातही आलं नव्हतं.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. सणाला म्हणून चार दिवस आधीच पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलो. गुढी उभारली, त्याच दिवसापासून देश बंद झाला. पिशवीत दोन शर्ट आणि लॅपटॉप. मोबाइलला रेंज यायची ती फक्त कापसाच्या खोलीतल्या खिडकीपाशी. खरेदी केंद्रंही बंद पडल्यामुळे बारा क्विंटल कापूस तसाच घरात होता. म्हणून गंजीला पाठ टेकवून, मांडीवर पाट आणि पाटावर लॅपटॉप घेऊन मी कामाला लागलो. पहिल्याच मीटिंगमध्ये बंगळुरूच्या मॅनेजरने मला थांबवलं. बाकी सगळ्यांकडे कुकरच्या शिट्ट्या, पोरांची रडारड, भाजीवाल्याचे कर्णे. तुझ्याकडे एवढी शांतता कशी, कुठले हेडफोन घेतलेस? मी सांगितलं, ऐंशी रुपयांचे. मागे बारा क्विंटल कापूस आवाज पीत बसलाय हे सांगायला जीभ रेटली नाही. टोरांटोच्या एका सहकारिणीला तर माझी पार्श्वभूमी फारच आवडली. हा बर्फाचा देखावा कुठून उतरवून घेतलास, असं ती विचारत असतानाच एक पुंजका ओघळून माझ्या डोक्यावर येऊन बसला. "वा, हलतोसुद्धा!" ती म्हणाली.

एप्रिल म्हणजे अप्रेझलचा महिना. आमच्या कंपनीत अख्ख्या दिग्रस शहरापेक्षा कितीतरी जास्त माणसं आहेत. एवढ्यांना ओळखणं देवालाही जमायचं नाही, म्हणून प्रत्येकाने वर्षातून एकदा आपण कोण आहोत ते एका फॉर्मात लिहून द्यायचं असतं. स्वतःची स्तुती करायची, पण टक्केवारीत. मग एक उणीव सांगायची, आणि तीही अशी बेतायची की वाचणाऱ्याला ती गुणच वाटावी. "मी कामात फार बुडून जातो" ही उणीव मी सलग तीन वर्षं लिहीत होतो. वर काढायला कुणी आलं नव्हतं.

बाबा चहा घेऊन आले आणि उंबऱ्यावरच टेकले.

"काय लिवून रायला एवढं?"

"वर्षभर काय काम केलं ते लिहून द्यायचंय, बाबा."

"कोनाले?"

"कंपनीला."

"मंग त्याइले मालूम नाही का?"

याचं उत्तर एचआरच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही. मी विषय बदलून त्यांना बेल कर्व्ह समजावायला घेतला. घंटेच्या आकाराची रेघ. घंटा म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर भाव उमटला, कारण आमच्या गावचं दैवतच घंटीबाबा. मी म्हटलं, ही घंटा वेगळी. गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८०९ साली ग्रहांचे मार्ग काढताना निरीक्षणात होणाऱ्या चुका कशा पसरतात ते मांडलं, त्यातली ही रेघ. पुढे अमेरिकेत १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी माणसांची वीस, सत्तर आणि दहा टक्के अशी वाटणी रूढ केली : वरच्या विसांचं कौतुक, मधल्या सत्तरांची पाठ थोपटायची, खालच्या दहांना निरोप. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी उतरंड लावणं सोडूनही दिलं, पण एकदा सुरू झालेली चाल सगळीकडून सारखी उठत नाही. खरं तर मला या रेघेची थोडी दयाच येते. आभाळाकडे पाहणाऱ्यांच्या चुका मोजण्यासाठी ती जन्माला आली, आणि आता ती रजेच्या अर्जावर आणि टाइमशीटवर पोट भरते.

"म्हंजे दहा जन नापास करायचेच हाय," बाबा चहाची बशी फुंकत म्हणाले. "मंग परीक्षा काहून घेतात?"

नोकरदाराची बैलाशी तुलना करायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मी ती करणार नाही. बैलाला निदान पोळा असतो.

तिकडे बाबांचाही एक फॉर्म अडकला होता. सरकारी खरेदीसाठी नाव नोंदवलं होतं. केंद्रं पुन्हा सुरू झाली, पण रोज मोजक्याच गाड्या आत घेत होते, आणि आपला नंबर कधी लागेल याच्या संदेशासाठी बाबा मोबाइल खिशात न ठेवता हातात धरून फिरत. मी इकडे मॅनेजरच्या मेलची वाट पाहायचो. एकाच घरात दोन पुरुष दिवसभर फोनकडे पाहतात हे बघून आईने दोघांनाही एकाच सुरात जेवायला हाक मारायला सुरुवात केली. मधल्या दिवसांत ऊन तापत गेलं आणि कापूस सुकून वजनात उतरत गेला. रोज थोडा थोडा, कुणाच्या नजरेत न भरता. बाबा सकाळी गंजीवर हात फिरवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवावा तसा. बोलायचे मात्र काहीच नाहीत.

नवतपा लागायच्या आधी नंबर लागला. ट्रॅक्टरमागे मीही गेलो. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीच्या सावलीत एक माणूस, तोंडाला दुपट्टा. दुपारी आमची पाळी आली. ग्रेडर आला. वयाने माझ्याहून लहान असावा. त्याने कोपरापर्यंत हात खुपसून कापूस काढला तो मधला. वर चांगला आणि आत कवडी, असा माल पारखण्याची सवय त्याच्या हाताला होती. बोटांनी सरकी सोडवली. उरलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांखाली धरून हळूच ताणला, पुन्हा जुळवला, पुन्हा ताणला. मग ओलाव्याचं यंत्र. आठ टक्क्यांच्या आतच होतं, उन्हाळ्यात ओलावा उरतो कुठे! या सगळ्याला मिनिटही लागलं नसेल. मी बाबांकडे पाहत होतो. पेरणीपासून वेचणीपर्यंतचं अख्खं वर्ष त्या चिमटीत ताणलं जात होतं आणि बाबा ग्रेडरच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या अंगठ्यांकडे पाहत होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली होती तेव्हाही ते असेच उभे राहिले असणार, हे मला तिथे पहिल्यांदा सुचलं. त्या वर्षी मी पुण्याहून फोनवर त्यांना माझं रेटिंग घसरल्याचं तपशीलवार सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं.

"काका, काही सांगायचंय का मालाबद्दल?" ग्रेडरने विचारलं. तो खरंच सज्जन होता.

"तुम्ही पाह्यलं ना," बाबा म्हणाले.

झालं, एवढंच. चार पानी फॉर्ममध्ये तीन वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते तीन शब्दांत आटोपलं. ग्रेडरने पावतीवर एफएक्यू लिहिलं. लांब धागा, क्विंटलला ५५५० रुपये हमीभाव. एफएक्यू म्हणजे काय, हे मी परत येताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोबाइलवर पाहिलं : फेअर ॲव्हरेज क्वालिटी. मला हसू आलं. माझ्या रेटिंगची मेल आदल्या संध्याकाळी आली होती, घरी अजून कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात शब्द वेगळे होते, अर्थ हाच. मधल्या सत्तरांत.

"बाबा, मलाही एफएक्यूच मिळालं."

ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. बऱ्याच वेळाने, गावाच्या वेशीशी आल्यावर ते म्हणाले, "एफएक्यू चांगलं असते रे लेका. त्याच्यावर्त सरकार घेतच नाही."

पगारवाढ पुढे ढकलल्याची मेल पुढच्या आठवड्यात आली. बाबांनी चष्म्याच्या वरून विचारलं, "तुहाही चुकारा अडकला का?" आणि आईला हाक मारून, दोन्ही चुकारे यायचे आहेत, तोवर किराणा जपून, असं सांगितलं. मला त्यांच्या हिशेबात असं शेजारी बसवलेलं फार बरं वाटलं. त्यांचा आधी आला.

खोली रिकामी झाली त्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, तुझा आवाज घुमतोय, जागा बदललीस का? मी मागे पाहिलं. उघड्या भिंती, गंजीच्या उंचीपर्यंत आलेली कापसाची फिकट रेघ, आणि आईने पुन्हा आणून मांडलेली लाकडी खुर्ची, पाहुण्यांसाठी.

दीड वर्षाने पुण्यात लॅपटॉप गरम होऊन बंद पडू लागला. दुरुस्तीवाल्या पोराने मागची पाटी उघडली आणि चिमट्याने पंख्यातून पांढरं काहीतरी ओढून काढलं. "साहेब, हे काय? गादी फाटली का?" मी हात पुढे केला. पुंजका धुळीने करडा झाला होता. मी तो दोन्ही अंगठ्यांखाली धरला आणि हळूच ताणला.

"चांगला आहे?" त्याने विचारलं.

मी पुन्हा एकदा जुळवून ताणून पाहिला.