सोनेगावचे काका

नागपुरात दर लेआउटमागे एक काका असे सापडतातच. मुलगा कॅलिफोर्नियात आणि विमान यांच्या डोक्यात. ‘मुलगा कसा आहे?’ विचारा. उत्तर येतं, ‘१३,१०० किलोमीटर. सरळ रेषेत, हं! विमान तसं जाऊन नाही राहिलं.’

मग पृथ्वीचा गोल बाहेर निघतो आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा. एक टोक नागपूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. ताणला की दोरा चीन ओलांडून थेट सायबेरियाच्या डोक्यावर चढतो. पाहुणा चकित. काकूंना मात्र ब्लाउजचं हूक लावायला दोरा हवा असतो.

काकांचं लाडकं वर्ष २०१६. एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. वाट चांगली हजारभर किलोमीटरनं वाढून १५,३०० झाली आणि वेळ मात्र घटला, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला मागून रेटतो. हे कळल्यापासून काका त्रिमूर्तीनगरहून बर्डीला रिंग रोडनं जातात. लांब पडतं, पण वारा मागून येतो म्हणे. स्कुटीवर!

नागपूरला कोणी आडगाव म्हटलं तर खैर नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथंच उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. ‘आकाशातली इटारसी होती बापा आपली!’ हे सांगताना काकांचा आवाज चढतो, जणू थैल्या त्यांनीच उचलल्या होत्या.

स्वतः काका मुंबईपलीकडे गेलेले नाहीत. तेही दुरांतोनं. मुलगा तिकीट पाठवायला तयार आहे. पण इतके तास एका जागी बसायचं आणि स्टेशनवर उतरून चहा नाही, हे त्यांना पटत नाही.

दिवाळीत मुलगा येतो. विमानतळ चार पावलांवर, तरी काका दोन तास आधी हजर. मुलगा बाहेर आला की काकू विचारतात, ‘जेवलास का रे?’ आणि काका, ‘कोणत्या वाटेनं आणलं? ग्रीनलँड दिसलं?’

‘झोपलो होतो, बाबा.’

‘पण सीट तर खिडकीची होती ना?’

‘एका पोराला दिली. त्याला ढग पाहायचे होते.’

काका गाडीत पुढं बसतात आणि गप्प होतात. वर्धा रोडवर एक शब्द नाही. काकूंना वाटतं, पोरगा वाळला म्हणून जीव हळहळत असेल. छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबते, तसे काका मागं वळतात.

‘त्या पोराचा फोन नंबर घेतला काय?’